पायऱ्या काढलेली बारव

आमचं गाव हैदराबाद संस्थानात होतं तेव्हा दर उन्हाळ्यात नारू निघायचा. पायावर फोड यायचा, तो फुटला की आतून दोऱ्यासारखा किडा डोकावायचा. रोज बोटभर काडीला गुंडाळत तो ओढायचा; तुटला तर पाय सडायचा. सरकारी अंमलदार येऊन सांगून गेला, की नारूचा पाय बारवेच्या पाण्यात बुडतो आणि तेच पाणी सगळे पितात. पायऱ्या काढा, सरकार वर रहाट बसवून देईल. आमचं गाव म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. दोन दिवसांत पायऱ्या उखडून मोकळं झालं.

रहाट आलाच नाही. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून खबरा यायच्या. हैदराबादेत दवाखान्याचं खातं म्हणायचं, हा खर्च बांधकामवाल्यांचा. बांधकामवाले म्हणत, रोग तुमचा, पैसाही तुमचाच. तिकडं कागद फिरत राहिले, इकडं चैत्रात पाणी तळाला गेलं. वरून सोडलेली घागर बुडेना. मग कुणाला तरी दोरानं खाली सोडायचं आणि वाटीवाटीनं घागरी भरून घ्यायच्या, असं ठरलं. अंगानं सगळ्यात हलकी माझी थोरली बहीण, आक्का.

वैशाखात आक्काच्या घोट्यावर फोड आला. ती मायला म्हणाली, "मला खाली सोडू नका. नारू हाय."

"नारू कशाचा? उन्हाचा फोड हाय," माय म्हणाली. "तू न्हाई उतरली तर गावानं काय प्यावं?"

मायला कळत नव्हतं असं नाही. मलाही कळत होतं. तरी मीच तिच्या घोट्याला चिंधी बांधली आणि दोराला हात लावला. चिंधी सगळ्यांनी पाहिली, विचारलं कुणीच नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरोघर नारू निघाला. दोर धरणारेच आक्काला पाहून तोंड फिरवू लागले. भांडणाऱ्या खात्यांना कुणी शिवी दिली नाही; ती लांब होती, आक्का जवळ होती. मला अजून संताप येतो, पण बोलायला मला तोंड नाही.

माझ्याही पोटरीत निघाला. काडी आक्काच फिरवायची. एकदा मान न उचलता तिनं विचारलं, "माझ्यामुळंच आला ना गं?"

मी कळवळत होते. तोंडून निघून गेलं, "मंग कुणामुळं?"

आक्का किडा तुटू नये म्हणून काडी जपून फिरवत राहिली.