वाट्याने विकणारीला शेडमध्ये जागा नाही

गेल्या श्रावणातल्या पहिल्या मंगळवारी, बाजार भरता भरता, शहाद्यात एका पावरा आदिवासी बाईला तिच्या जागेवरून उठवलं. ती सातपुड्यातून पहाटेच्या जीपने उतरली होती. समोर फडक्यावर रानातली कर्टुली आणि तरोट्याची पालेभाजी. गुन्हा एवढाच, की तिच्याकडे काटा नव्हता.

डोंगरातल्या बाया तोलून विकत नाहीत. ओंजळीने वाटे मांडतात, वर मूठभर जास्तीचं टाकतात. माझी आई कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जायची, तेव्हा आमच्या घरात काही हिरवं शिजलं ते या वाट्यांमुळेच. म्हणून तर शेतकरी बाजाराला शेड मिळावी यासाठी मी उन्हातान्हात पत्रकं वाटली. शेड झाली. आणि बाजारवसुलीच्या ठेकेदाराने पहिलाच नियम काढला: काट्याशिवाय बसायचं नाही.

त्याचा माणूस तिच्यापुढे उभा राहिला. "काटा कोठे शे तुन्हा?"

तिने ओंजळ पुढे केली.

"हाऊ काटा शे का?"

शेजारचा केळीवाला ओरडला, "मग मार ना दादा वजनमापना शिक्का, तिन्हा हातवर!" अख्खी रांग हसली.

मी मध्ये पडले. तो म्हणाला, "ताई, तुन्हं पत्रक वाचं मी. आठे शेतकरी बसतीन. हाई जंगलनी भाजी शे."

मग त्याने फडक्याची चार टोकं धरली आणि गाठोडं रस्त्यावर फेकलं. कर्टुली रिक्षांखाली चिरडली. उरलेलं गेटपाशी टपलेल्या व्यापाऱ्याने उचललं. तिचं जीपचं भाडंही सुटलं नाही. थोड्याच वेळात तीच भाजी शेडमध्ये त्याच्या काट्यावर होती. त्याला कुणी विचारलं नाही, की तुझं शेत कुठे आहे.

तेवढ्यात मोहल्ल्यातली एक खाला आली, आईबरोबर जिनिंगमध्ये राबलेली. सून पोटुशी, अंगात रक्त नाही, डॉक्टरने पालेभाजी सांगितलेली. "दस का दे दो, भाई."

"पावशेरच्या खाली नाही. आलू घेऊन जा, खाला," व्यापारी म्हणाला.

खाला आलू घेऊन गेली. पावरा बाई गेटबाहेर उकिडवी बसून बघत होती. रडली वगैरे नाही. रिकामं फडकं झटकलं, डोक्याला गुंडाळलं आणि जीप शोधायला निघाली.

शहादेकरांनो, शेडच्या उद्घाटनाला तुम्ही पुढच्या खुर्च्यांत होता, टाळ्याही वाजवल्यात. आता येत्या मंगळवारी सकाळी बाजारात या. ती पुन्हा येऊन शेडमध्ये वाटे मांडेल, तिच्याशेजारी जमिनीवर बसा. उठवायला आले, तर उठू नका.