शोभाची जन्मवेळेची चिठ्ठी

आधीच सांगून ठेवतो, ग्रह-ताऱ्यांवरून माझ्याशी कोणी वाद घालायला येऊ नका. मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सव्वीस वर्षं टेक्निशियन आहे. माणसाला काय झालंय ते रक्तात दिसतं, पत्रिकेत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आलो... आजही सांगतो. तरी हे लिहितोय, कारण घरात आता ऐकायला कोणी नाही.

जळगावातच, पिंप्राळ्यात आम्ही दोघंच राहायचो, मी आणि बायको शोभा. मूलबाळ नाही. तीन वर्षांपूर्वी हिवाळ्यात तिचा उजवा खांदा दुखायला लागला. एक्स-रे नॉर्मल. थंडीत आमच्याकडे दर आठवड्याला भरीत, तेव्हा वांगी ठेचून ठेचून खांदा भरला असणार, असं निदान मीच करून टाकलं. शोभाला ते पटेना. तिचं माहेर सावदा. तिथले एक नाना पत्रिका पाहून दुखणं कुठं आहे ते सांगतात, आणि तिच्या माहेरी नानांचा शब्द म्हणजे शेवटचा.

"अहो, एकदा नानाले दाखवा ना. तुमच्या मशीनले सगळंच दिसतं व्हय?"

बसच्या धक्क्यांनी खांदा दुखतो म्हणून ती यायची नव्हती. तिनं मला एक चिठ्ठी दिली. तिच्या वडिलांच्या अक्षरात तिची जन्मतारीख, वेळ, सगळं. "नीट न्या, ही एकच आहे," म्हणाली.

बसमध्ये माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, या नानांना पकडूच. तिची चिठ्ठी खिशातच ठेवायची आणि स्वतःची तारीख द्यायची, बायकोची म्हणून. पण माझी तरी तारीख कुठं खरी? मी पाचोऱ्याजवळच्या खेड्यातला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांची लिहिली तशी माझीही एक जून लिहून टाकली. आमच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी! खरी तारीख आईलाही आठवत नव्हती. तीच एक जून द्यायची ठरवली, आणि वेळ मनाला येईल ती... सकाळचे सव्वासात.

नाना ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या घरातले, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. समोरून केळीचे ट्रक चालले होते. तारीख-वेळ सांगून मी एवढंच म्हणालो, "बायकोची आहे, बरं नसतं तिला." ना खांद्याचं सांगितलं, ना माझ्या नोकरीचं. त्यांनी पंचांग उघडलं, कागदावर कुंडली मांडली आणि एकेक घर बोटानं तपासलं.

"हे बाईची पत्रिका नाही," ते म्हणाले. "मानसाची हाये. मानूस धडधाकट हाये. बाई घरी बसेल हाये, खांदा धरून."

मी खिशातली चिठ्ठी चाचपली.

"दुखनं खांद्यात नाही रे बापा. उजव्या बरगडीखाले हाये. तिचं रक्त तपास. तुह्याच हातचं काम हाये."

कुंडलीखाली त्यांनी दोन शब्द लिहिले, 'रक्त तपासणे', आणि कागद माझ्या हातात दिला.

परतीच्या बसमध्ये मी सगळ्याचा हिशेब लावून टाकला. मेहुण्यानं, शोभाच्या भावानं, नानांना आधीच फोन केला असणार. खांदा, नोकरी, सगळं त्यानंच सांगितलं असणार. मस्त नाटक!

घरी आलो तर शोभा दारातच. "काय म्हने नाना?"

"काही नाही म्हणाले. थंडीनं आखडलाय. तिळाचं तेल चोळा."

तिचा चेहरा असा खुलला... तो अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

रक्त काढायला पाच मिनिटं लागली असती. उजव्या बरगडीखाली म्हणजे लिव्हर, आणि लिव्हरची टेस्ट मी रोज कितीतरी लोकांची करतो. पण केली असती तर मी नानांचं ऐकलं असं झालं असतं, आणि तिनं मला आयुष्यभर चिडवलं असतं. बस, एवढंच कारण. दुसरं कारण असतं तर बरं झालं असतं.

पुढे दोन महिने रोज संध्याकाळी मी स्वतः तिच्या खांद्याला तेल चोळलं. ती म्हणायची, "नानाचा गुन येऊ राह्यला बरं का." होळीच्या सुमारास तिचे डोळे पिवळे दिसले. त्या दिवशी रक्त काढलं. रिपोर्ट मीच काढला आणि मीच वाचला. मग सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली; खांद्याची कळ तिथूनच येत होती. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आला असता तर..." पावसाळा संपायच्या आत शोभा गेली.

मेहुण्याला विचारलं. त्यानं नानांना फोन केलाच नव्हता. मग मी पुन्हा सावद्याला गेलो. नानांपुढे तो कागद ठेवला आणि तारखेचं, वेळेचं सगळं खरं सांगून टाकलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पुन्हा पंचांग काढलं, बोटांवर मोजलं, मान हलवली.

"याच्यात तं असं काहीच नाही. ना खांदा, ना बाई. हे तं कोनाचीच पत्रिका नाही रे."

"मग खाली लिहिलंय ते?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "अक्षर माझंच हाये... पन मले नाही आठवत."

खोटं बोलत नव्हते ते. एवढं मला कळतं.

ज्या तारखेला मी जन्मलोच नाही, त्या तारखेच्या ग्रहांनी माझ्या बायकोचं दुखणं कसं सांगितलं? आणि ग्रहांनी नाही, तर कोणी? मेडिकलच्या माणसांना विचारलं, ज्योतिषवाल्यांनाही विचारलं. समजावतात सगळे, पटत काहीच नाही.

निघताना नाना म्हणाले होते, "तिची खरी वेळ हाये का तुह्याजवळ? दे, पाहू."

चिठ्ठी खिशातच होती. मी 'नाही' म्हणालो. तिच्यात काय निघेल, त्याची भीती वाटली.

आताही ती पाकिटातच आहे, घड्या पडून मऊ झाली आहे. शोभानं दाखवायला दिली होती. मी ती अजून कोणालाच दाखवलेली नाही.