लांडगीच्या बिळाची नोंद

लांडग्याची पिल्लं कशी मारायची ते मला सासऱ्यांनी शिकवलं. बिळाला दोन तोंडं असतात. एक दगडकाट्यांनी गच्च बुजवायचं. दुसऱ्यापाशी गोवऱ्या पेटवायच्या, त्यावर वाळलेल्या मिरच्या टाकायच्या आणि गोणपाटानं धूर आत लोटायचा. आतलं खोकणं थांबलं की पाला ओढायच्या लांब आकडीनं पिल्लं ओढून काढायची. माझ्या लग्नाला दुसरं वर्ष होतं. चार पिल्लं निघाली. त्यातली दोन मी दगडावर आपटली. वाईट वाटलं नाही. लांडगीनं आमच्या सहा शेळ्या नेल्या होत्या.

पुढे बरीच वर्षं आमच्या डोंगरावर लांडगा दिसला नाही. मग भटकी कुत्री माजली. लांडगा एक शेळी धरतो आणि घेऊन जातो. कुत्री पाच-सहा फाडतात आणि तशीच टाकून देतात. रानडुकरं तर ज्वारीत लोळायला लागली. म्हणून लांडगा परत आलेला मला दिसला तेव्हा मी गप्प राहिले. दिसणार मलाच होता. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं. मीही तीस वर्षं गेले. आता कंबर गेली, म्हणून अकरा शेळ्या घेऊन मागं राहते. कुठल्या ओढ्यात काय राहतं ते मला माहीत असतं, दुसऱ्या कुणाला गरज नसते.

गरज पडली ती पाहणीच्या बाईंना. तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या, पन्नाशीच्या, पायात बूट, डोक्याला रुमाल. गावात कुठं काय उगवतं, कुठं काय राहतं, त्याची नोंदवही करायची होती. त्या दोन दिवस माझ्यामागून डोंगर चढल्या. ससे, खोकड, घोरपड, तितर मी सांगितले. लांडग्याचं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी गायरानातला उकरलेला भाग बघितला. मागं एकदा झाडं लावायची म्हणून तिथं लांबच लांब चर मारले होते. झाडं उन्हाळ्यात वाळून गेली आणि उकरलेल्या जागी मारवेलाचं चांगलं गवत परत आलं नाही, नुसतं टोचरं कुसळ आलं. यंदा उरलेल्या माळावर तसेच चर मारायचे ठरले होते.

बाई म्हणाल्या, "मावशी, या गवतावर काय काय जगतं ते नोंदवहीत आलं आणि ती जिल्ह्याला गेली, तर चर थांबवता येतील. गवताचा माळ गवताचाच राहू द्या, असं मागता येईल. पण नुसत्या सशांवर कुणी थांबायचं नाही."

माझ्या शेळ्या त्या गवतावर जगतात. मी त्यांना बिळापाशी नेलं. पाच पिल्लं होती, मांजराएवढी. बाईंनी फोनमध्ये जागा टिपली आणि माहिती देणारी म्हणून माझं नाव लिहिलं.

नोंदवहीची एक प्रत पंचायतीत द्यायची असते. बाईंनी ती जागेसकट दिली. त्यांना वाटलं, कपाटात राहील. ग्रामसेवकानं ती सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत घरकुलाची यादी वाचतात तशी मोठ्यानं वाचली. गट नंबर, ओढा, करंजाच्या झाडापासून किती पावलं, सगळं. आणि सवयीनं विचारलं, "कुणाची हरकत?"

"लांडग्याला घरकुल मंजूर झालं म्हणायचं!" मागून एकजण म्हणाला.

"आरं, घरपट्टी भरतो का ते इचारा आधी."

"म्हातारी जामीन हाय की त्याला!"

सगळे हसले. माझा पुतण्या हसला नाही. थोरल्या दिराचा मुलगा, चाळिशीचा, पंचायतीत सदस्य. त्याच्या साठ शेळ्यामेंढ्या त्याच गायरानावर चरतात.

"काकू, नोंद काढा म्हण," तो उठून म्हणाला. "उद्या अभयारण्य करतेल, तारा ठोकतेल. जनावरं कुठं चारायची, तुझ्या डोक्यावर?"

"चर मारल्यावर कुठं चारणार हायस? बीळ हाय ते हाय. मी खोटं सांगू का?"

"हाय का न्हाई ते बघू की."

ग्रामसेवक मध्ये पडला. "भांडू नका. चार दिवसांनी वनरक्षक जागा बघायला येणार हायेत. जागेवर काहीच सापडलं न्हाई, तर नोंद आपोआप रद्द होईल." त्याला वाटलं, भांडण मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेळ्या सोडल्या आणि ओढ्याकडं धूर दिसला. काळा नाही, पिवळसर. मिरचीचा धूर मला लांबून ओळखू येतो. कमरेचा विचार न करता मी चढले.

पुतण्या आणि आणखी तिघं होते. एक तोंड बुजवलेलं, दुसऱ्यापाशी आग. मी पोचले आणि लांडगी आगीवरून बाहेर पडली. डोळे मिटलेले, तोंडाला फेस. एकानं उसाचा कोयता तिच्या पाठीवर घातला. कणा तुटला. मागचे पाय ओढत ती परत बिळाकडंच निघाली. दुसरा घाव मानेवर बसला, तरी दात वाजतच होते. तिसऱ्या घावाला थांबली.

मी पुतण्याच्या मनगटावर काठी हाणली. आकडी खाली पडली. दुसरी काठी त्याच्या कानावर बसली, रक्त आलं. त्यानं मला ढकललं. मी दगडांवर पडले, डाव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. कोयतेवाल्यानं बरगडीत लाथ घातली, मग तोंडावर. पुढचे दोन दात तुटून तोंडातच राहिले. मी थुंकले.

"मारू नको बे तिला, चुलती हाय माझी!" पुतण्या ओरडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "काकू, घरी जा. तुझं काम न्हाई हे."

पिल्लं एकेक करून ओढली. चार दगडावर आपटली. हात सराईत नव्हते, एकेकाला तीन-तीनदा आपटावं लागलं. पाचवं आकडीतून सुटून माझ्याजवळ झुडपात पडलं. जबडा फाटलेला, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. ते जगणार नव्हतं. मी उजव्या हातानं दगड उचलला आणि एका घावात संपवलं. धुरात कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी मेलेली जनावरं पोत्यात भरली, राख ओढ्यात लोटली, दुसरं तोंडही बुजवलं. मी पाचवं पिल्लू पदरात गुंडाळून घरी आणलं. चुलीची राख आणि खडेमीठ घालून पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

आमची घरं एका भिंतीची. पुतण्याची बायको हळद घेऊन आली, दोन कामट्या लावून हात बांधला. ती गेल्यावर तो आला. कानाला फडकं होतं.

"वनरक्षक आला की म्हणायचं, नजर कमी झालीया, कुत्र्याचं बीळ व्हतं."

"आणि न्हाई म्हणलं तर?"

"अकरा शेळ्या हायत तुझ्या. इख घालायला किती येळ लागतो?"

"घाल. मग तुझ्या साठातनं माझ्या अकरा भरून घेते. तुला मोजता येतं, मलाबी येतं."

तो दारावर लाथ मारून गेला. पुढच्या तीन रात्री मी शेळ्यांजवळ कोयता उशाला घेऊन झोपले.

वनरक्षक आला. बरोबर बाई, ग्रामसेवक आणि पुतण्या. बिळाच्या जागी दगडांचा ढीग. बाईंनी माझं तोंड बघितलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"पडली म्हातारी," पुतण्या म्हणाला.

वनरक्षकानं वही उघडली. "इथं काहीच नाही, आजी. मग नोंद रद्द करू ना?"

मी डबा पुढं ठेवला आणि झाकण काढलं. वास आला. ग्रामसेवक ओकायला बाजूला पळाला.

"लांडगी आणि पाच पिल्लं," मी म्हणाले. "या माझ्या पुतण्यानं आणि त्या तिघांनी मारली." तिघांचीही नावं सांगितली.

वनरक्षकानं पिल्लाची कवटी बघितली. "याला दगडानं मारलंय. कुणी?"

"हे मी मारलं. बाकीची त्यांनी. दोन्ही लिव्हा."

"आजी, तुमच्यावरही गुन्हा लागेल."

"लागू द्या. नोंद खरी हाय का न्हाई तेवढं बोला."

पुतण्या सगळ्यांदेखत माझ्यावर धावून आला. वनरक्षकानं त्याला आडवा पाय घालून पाडलं आणि गुडघ्याखाली दाबून ठेवलं. नोंद रद्द झाली नाही.

खटला धारूरच्या कोर्टात चालू आहे. तारखेला आम्ही पाचही आरोपी गावच्या एकाच जीपनं जातो, कारण दुसरी जीप नाही. तो पुढं बसतो, मी मागं. बोलत नाही. उरलेल्या माळावर अजून चर पडलेले नाहीत. अभयारण्यही झालं नाही, त्याच्या साठ शेळ्यामेंढ्या तिथंच चरतात.

बाई पावसाळ्यानंतर पुन्हा आल्या. पंचायतीला जागा कळवली ती चूक त्यांची होती, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मी "होय" म्हणाले. त्यांनी वही काढली.

"मावशी, नर उरलाय का? नसेल तर नोंद जुनी होईल. पुढच्या वर्षी चर पुन्हा मागतील."

आठवड्यापूर्वी त्यानं माझं एक करडू नेलं होतं. कुठल्या दरीत नेलं ते मी बघितलं होतं. बरोबर नवी मादी होती.

"हायत," मी म्हणाले. "दोन हायत, असं लिव्हा. जिल्ह्याला कळवा, सगळ्यांना कळवा."

"आणि जागा?"

"बालाघाटाचा डोंगर. अख्खा."

बाईंनी फोन बंद करून पिशवीत टाकला आणि तेवढंच लिहिलं.