अंगणातली वाट

फाटकापासून पायरीपर्यंत मोटार यावी म्हणून आम्ही अंगणात वाट करायला घेतली. गुडघे निकामी झाल्यापासून पत्नीच्या खुर्चीची चाके तिथल्या काळ्या मातीत रुतत. तिला उचलून न्यावे लागे. त्या संकोचाने तिने देवदर्शनही सोडले होते.

भूमीची क्षमा मागून मी पहिली कुदळ मारली. तिला अधिक दुखवू नये, म्हणून वीतभर खोली पुरे, असे काम पाहणाऱ्या सखूबाईंना सांगितले. मुरूम पसरला, पाणी मारले, धुम्मसाने ठोकून घट्ट केले. सखूबाईंनी टाच रोवली, ती आत गेली.

"आजोबा, पूजा झ्याक झाली. पण काळी माती खाली तशीच ठिवलीसा. ही वजन सोसत न्हाई."

"मग?"

"मग काय, पुन्हा खणायचं. कडक लागंस्तवर."

ओसरीवरून पत्नी म्हणाली, "ह्यांना शास्त्र विचारावं, सखूबाई. माती तुम्हालाच कळते."

पृथ्वीला आपण सर्वंसहा म्हणतो. पण तिची सोशिकता वरच्या मऊ थरात नसते, ती खोल असते. मी वरच्या थरालाच नमस्कार करून थांबलो होतो.

हातभर खाली पिवळा, कठीण मुरूम लागला. त्यावर थरावर थर दाबून भरले. तिसऱ्या दिवशी सखूबाईंची टाच तसूभरही रुतली नाही.

"कुणी हात लावू नका," असे म्हणून पत्नीने स्वतःच चाके फिरवली. ती फाटकाशी पोहोचली, तेव्हा मी पायरीवरच उभा होतो.

"येताय ना देवळात? की मी पुढे होऊ?"

मी घाईघाईने चपला शोधू लागलो.