नसीम मॅडमची व्याख्या

अकोल्याच्या आमच्या कॉलेजात नसीम मॅडमसमोर 'अचानक' हा शब्द जपून वापरावा लागे. त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. पाऊस अचानक आला, असं मी एकदा स्टाफरूममध्ये म्हणालो, तर हातातले पेपर बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "कोणाले अचानक? ढगाले की तुमाले?"

या शब्दाचं त्यांना एवढं का लागतं, ते पुढे कळलं. अंजनगाव सुर्जीकडे त्यांच्या थोरल्या भावाची, रहमानभाईंची, संत्र्याची बाग होती. ती वर्षंच शेतीला वाईट होती. पाऊस दरवर्षी थोडाथोडा कमी होत गेला, तरी बागेनं तग धरला. मग एका उन्हाळ्यात विहीर आटली आणि बाग उभी वाळली. गावच्या मेळाव्यात आलेल्या एका कृषितज्ज्ञाने भर सभेत रहमानभाईंकडे बोट दाखवलं. हवामान असं एका वर्षात बदलत नसतं, हा यांचा हलगर्जीपणा आहे, म्हणाला. ज्यांच्या बोअरला अजून पाणी होतं, ते हसले. रहमानभाईंनी झाडं तोडली आणि अकोल्याच्या जुन्या शहरात मॅडमकडे राहायला आले.

"मी त्याले सोडणार नाही, सर," मॅडम मला म्हणाल्या होत्या.

काही वर्षांनी तोच तज्ज्ञ आमच्या चर्चासत्रात हवामानावर बोलायला आला. त्याला बोलावण्याचा आग्रह मॅडमचाच होता. पहिल्या रांगेत त्यांनी भावाला बसवलं. भाषण संपताच उठून त्यांनी शांतपणे विचारलं, हवामानातल्या अचानक बदलाची व्याख्या काय? त्याने ती बरोबर सांगितली. कारण हळूहळू वाढत असलं, तरी एक मर्यादा ओलांडली की हवामान स्वतःच्याच वेगाने दुसऱ्या स्थितीत जातं, आणि माणसाला सावरायला वेळ मिळत नाही.

"मंग माह्या भावाले कोणता वेळ भेटला होता?" मॅडमनी विचारलं, आणि मेळाव्यातलं त्याचं बोलणं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. तो पहिल्या रांगेकडे बघतच राहिला.

जेवणाच्या वेळी त्याने हात जोडले. मॅडम म्हणाल्या, "इथं नाही. जिथं लोक हसले, तिथं जाऊन बोला." जाऊ दे आता, असं रहमानभाई म्हणत होते. मॅडमनी ऐकलं नाही. तो अंजनगावला जाईपर्यंत त्या त्याला फोन करत राहिल्या.

शेवटी तो अंजनगावच्या बाजारात उभा राहून बोलला. मॅडम गेल्या नाहीत, मला पाठवलं. परत येऊन मी मॅडमच्या घरी सांगितलं, 'चूक माझी होती, रहमानभाईंची नव्हती,' असं तो सगळ्यांसमोर म्हणाला.

"मोठ्यानं बोलला का?"

हो म्हटलं. रहमानभाई उठून आत गेले. ते पुन्हा कधी अंजनगावला गेले नाहीत, आणि मॅडमनी मरेपर्यंत त्या माणसाला माफ केलं नाही.