कूलर खलास

कूलर न बघताच अहवालात त्याच्यापुढे मी ‘स्वतः पाहिला’ असं लिहिलं आणि सही ठोकली.

आमची कंपनी चिनी. कतारमध्ये रस्ते बांधते. तिच्या सामाजिक जबाबदारीचा वार्षिक अहवाल लिहिणं माझ्याकडे. म्हणजे चिनी लोकांचा चांगुलपणा पुण्याच्या माणसाने इंग्रजीत मांडायचा. आधी ते सोपं होतं. हेल्मेट घातलेले हसरे कामगार, खाली दोन गोड वाक्यं, झालं. मग संचालक मंडळात एक बाई आल्या. स्वतंत्र संचालक. कंपनीत शेअर नाही, साहेबलोकांशी देणंघेणं नाही, तिकडे चीनमध्ये विद्यापीठात कायदा शिकवतात. त्यांनी अहवालाच्या तक्त्यात फक्त एक रकाना वाढवला: ‘स्वतः कोणी पाहिलं?’

अल वक्र्याजवळच्या साइटवर कामगारांच्या विश्रांतीच्या शेडमधला कूलर बंद पडला होता. उन्हाळा तोंडावर आला होता. मी एसीत बसून तिथल्या फोरमनला फोन लावला. चिपळूणचा माणूस, वयाने मोठा, म्हणून मी काका म्हणतो.

“काका, कूलरच्या दुरुस्तीचं काय?”

“तो कधीच खलास, साहेब!”

इथे दिवसभर अरबी ‘खलास’ कानावर पडतं. फॉर्म भरून झाला, खलास. गाडी धुऊन झाली, खलास. काम झालं, निघा आता. मी खुशीत रकाना भरला. काका मात्र चिपळूणचं खलास बोलत होते.

पुढच्या महिन्यात बाई स्वतः दोह्याला आल्या. माझ्या चाळीस स्लाइड तशाच राहिल्या. बाई भर दुपारी थेट त्या शेडमध्ये जाऊन कामगारांच्या बाकावर बसल्या. माणसं ओल्या टॉवेलने वारा घेत होती. कूलरच्या जाळीला कुणीतरी जेवणाचे डबे अडकवले होते, इतका तो निरुपयोगी.

दुभाषी मुलीने मला विचारलं, “मॅडम विचारतायत, हा कोणी पाहिला?”

“मी,” म्हटलं. मग काकांकडे नजर गेली. “म्हणजे... ऐकला.”

एवढंसं वाक्य चिनीत सांगायला त्या मुलीला बराच वेळ लागला. बाई चिडल्या नाहीत. मला दरदरून घाम फुटलेला बघून त्यांनी आपली पाण्याची बाटली पुढे केली, पाठोपाठ पेन. तक्त्यातलं ‘पाहिला’ खोडून माझ्याच हाताने ‘ऐकला’ लिहवून घेतलं. शेड थंड होईपर्यंत अहवालावर सही नाही, एवढंच बोलल्या. आणि त्यांच्या सहीशिवाय अहवाल मंडळापुढे जात नाही. काका महिनाभर मोटर मागत होते, तो कागद आमच्या मॅनेजरच्या टेबलावर आरामात पडून होता. त्याच संध्याकाळी तो मंजूर झाला.

मोटर बसली तेव्हा मी स्वतः गेलो. कूलरपुढे उभा राहिलो, जाळीपुढे हात धरला, गार वाऱ्यात डोळे मिटले. बाकावर दोघेजण चक्क घोरत होते. मला इतकं बरं वाटलं, की जणू मोटर मीच बसवली होती.

काका शेजारी येऊन उभे राहिले.

“नीट बघून घ्या, साहेब. याला म्हणतात चालू. खलास झालंय ते तुमचं मराठी.”