पेचकसाने ऐकणारे काका

छोट्या गाडीची चार मॉडेलं, दोन इंजिनं. त्यातलं काय घ्यावं ते ठरत नव्हतं, म्हणून मी सिविक सेंटरजवळच्या शोरूममध्ये सलग तिसऱ्या रविवारी गेलो होतो. तिथे एक काका बॉनेट उघडून उभे होते. चालू इंजिनावर त्यांनी लांब पेचकसाचं टोक टेकवलं होतं, मूठ कानामागच्या हाडाला लावली होती आणि डोळे मिटले होते.

"काका, हे काय?"

"जरा मोठ्यानं बोल, भाऊ." मग माझं बोट पेचकसाकडे गेलेलं पाहून हसले. "प्लांटात मशीनचे बेरिंग असंच ऐकाचो. कान तिथंच गेले. आता हाडानं ऐकून राहिलो."

सेल्समन ओरडून सांगत होता, "अंकल, टॉप मॉडल में आठ स्पीकर हैं!"

"गाणे कोनाले ऐकाचे हाय? हे तीन सिलिंडरचं थरथरते. चारवालं चालू कर."

दुसऱ्या गाडीत त्यांनी सोबत आलेल्या काकूंना शेजारी बसवलं. "आता बोल."

"काय बोलू?" काकू लाजल्या.

"घरी पाठ फिरवून बोलते तेच. तिथं मले ऐकू येत नाही."

काचा वर गेल्या. काकूंचे ओठ हलले. त्यांच्या ओठांकडे न बघता काका समोर बघत मान हलवत होते. मग काच खाली करून सेल्समनला म्हणाले, "हेच इंजिन."

काकू काय बोलल्या असतील, हे कुतूहल अजून आहे. पुढच्या रविवारी मी बायकोलाही सोबत नेलं.